बदकवाल्या काकूंची रजा

रविवारी दहाच्या सुमारास फाटकाशी पाच-सात माणसं जमली की व्याख्याते टोपी घालून बाहेर येत आणि ठरलेलं पहिलं वाक्य टाकत. "ही बाग नाही, हे रान आहे. बाग माळी चालवतो. रान आपलं आपण चालतं. आपण फक्त बघायचं." माणसं माना डोलवत. एखादा वहीत लिहूनही घेई. नेमकी त्याच वेळी व्याख्यात्यांच्या पाठीमागून, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल अशी, साठी उलटलेली एक बाई रान चालवत जात असे. तिच्यामागे एका ओळीत सात बदकं. पाहुणे बदकांचे फोटो काढत आणि म्हणत, "काकू, जरा बाजूला होता का?"

काकू बाजूला होत. बाजूला होण्याची त्यांना सवयच होती. चौतीस वर्षं त्या एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसल्या होत्या. दिवसभर लोकांचे आवाज यायचे, घाबरलेले, चिडलेले, रडके, आणि काकू प्रत्येकाला एकच सांगायच्या, "जरा थांबा, जोडते." माणसाला माणूस जोडून दिला की आपण मधून बाजूला व्हायचं. नोकरी संपली तेव्हा त्यांच्या मनात फार काही नव्हतं. सकाळी उशिरा उठायचं, गॅलरीत बसायचं आणि वाजलेला फोन दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्यायचा, एवढंच.

पण नवरा जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढणारा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी आखून कंटाळलेला माणूस. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्याने गावाबाहेर दीड एकराचा उघडाबोडका तुकडा घेतला आणि त्यावर असं रान उभं करायचं ठरवलं की ज्यात वर उंच झाडं, खाली फळझाडं, त्याखाली झुडपं, त्यांच्यावर वेल आणि जमिनीत कंद, आणि प्रत्येक थरात कुणी ना कुणी खाणारं. हे सगळं तो इतकं रंगवून सांगे की काकूंच्या थोरल्या बहिणीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'व्याख्याते' ठेवलं. ते अंगाला असं चिकटलं की आता पोस्टमनसुद्धा विचारतो, "व्याख्याते आहेत का घरात?"

रान उभं राहिलं हे मात्र खरं. अकरा वर्षांत अंजीर, पेरू, तुती, डाळिंब, लिंबू एकमेकांच्या अंगावर रेलून वाढले होते. खाली भोपळ्याचे वेल वाट अडवून बसलेले. तळ्यावर खंड्या यायचा आणि व्याख्यात्यांनी हौसेने सोडलेले मासे एकेक करून न्यायचा. जुन्या झाडाच्या ढोलीत घुबडांचं जोडपं होतं. झाडाचा वरचा तिसरा हिस्सा पाखरांचा, असा व्याख्यात्यांचा नियम. पाखरांच्या कानावर तो कुणी घातलेला नसल्यामुळे ती खालूनच सुरुवात करत. जाळी लावायची नाही, सापळा लावायचा नाही, विष तर नाहीच नाही. कुंपणापलीकडच्या मुंगसालासुद्धा व्याख्याते 'आपला शेजारी' म्हणत.

आणि या सगळ्या शेजारधर्माचा भार काकूंवर. मुंगसाला मारायचं नाही म्हटल्यावर कोंबड्या दिवे लागायच्या आत कोंडायला हव्यात. एकोणीस कोंबड्या, सात बदकं. रोज. पाऊस असो, ताप असो, कुणी पाहुणा येवो. दोन बकऱ्या होत्या, पांढरी आणि तांबडी. वीटभट्टीवरून म्हातारपणी सुटून आलेलं एक गाढव होतं. ते काहीच करत नसे आणि खाणं पाच मिनिटं उशिरा आलं तर पाठ फिरवून उभं राहत असे, म्हणून त्याला 'साहेब' म्हणत. उजाडायच्या आधी काकू उठत. उजव्या हाताची बोटं सकाळी मिटत नसत, ती कोमट पाण्यात धरून आधी सैल करावी लागत. मग बदकांची चिखलात घातलेली अंडी, मग धार, मग बादल्या. धार काढताना बकरीच्या कुशीला डोकं टेकून काकूंना कितीदा डुलकी लागे. बकरी बिचारी समजूतदार, ती तशीच उभी राही. काकूंना वाटे, या घरात मला झोपू देणारी ही एकटीच.

व्याख्याते का करत नसत? करत. झाडं त्यांची, छाटणी त्यांची, खड्डे त्यांचे. आळशी माणूस नव्हे तो. पण त्यांचं लक्ष वर. हातातलं काम सोडून सुतार पक्ष्याच्या टकटकीमागे निघून जातील तर तासभर पत्ता नाही. शिवाय बदकांचं आणि त्यांचं फाटलं होतं. चार वर्षांपूर्वी जनावरांच्या डॉक्टरांनी औषध पाजायला सांगितलं, तेव्हा व्याख्यात्यांनी बदकांवर घोंगडी टाकून त्यांना पकडलं होतं. बदक काहीही विसरेल, हे विसरलं नाही. व्याख्याते दिसले की सातही जण तळ्यात. मग संध्याकाळी त्यांना बाहेर काढून कोंडणार कोण? काकू.

अशी अकरा वर्षं गेली. अकरा वर्षांत काकू एकदाही घराबाहेर झोपल्या नाहीत.

ताईचा फोन सोमवारी आला.

ताई म्हणजे थोरली बहीण, काकूंहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीच्या वेण्या घालण्यापासून तिला नोकरीला चिकटवण्यापर्यंत सगळं ताईने केलं. स्वतः लग्न केलं नाही. एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दूरच्या मोठ्या शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. पहिल्या वर्षी एकदा रान बघायला आली होती, तेव्हा बदकांच्या चिखलात घसरून पडली आणि उठता उठता म्हणाली, "आता तूच ये." त्यानंतर दर वर्षी काकू जायला निघत आणि दर वर्षी काहीतरी आडवं येई. बकरी व्यायला झाली. साहेबांचा खूर दुखावला. वादळात कोंबड्यांचं छप्पर उडालं. दर वेळी काकू फोनवर म्हणत, "ताई, जरा थांब गं." इस्पितळातली सवय.

"धाकटे, ऐक," ताई म्हणाली, "उजवा डोळा गेलाच होता, आता डावाही निघालाय. आंधळी नाही होणार म्हणे. कडेचं दिसत राहील. पण मधोमध एक डाग आलाय, बोटाच्या पेराएवढा. गंमत अशी की ज्याच्याकडे बघावं तोच नाहीसा होतो. घड्याळाकडे बघितलं की घड्याळ नाही. डॉक्टर म्हणतात, डाग वाढेल. महिना, दोन महिने, सांगता येत नाही."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका बघितल्या, त्याचं बक्षीस," ताई हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकदा येऊन जा. तुझा चेहरा बघायचाय. मग नाही आलीस तरी चालेल."

"येते," काकू म्हणाल्या. "ताई, जरा..." आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला.

फोन ठेवून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. तांबडीचे दिवस भरत आले होते. तळ्याचा पंप अधूनमधून रुसत होता. आणि संध्याकाळी कोंडणार कोण, हा प्रश्न होताच. ओट्यावरचं भांडं त्यांनी उचललं, पुन्हा तिथंच ठेवलं. त्यांना रडायला येत होतं, पण रडायलाही थोडी ताकद लागते.

वाट निघाली ती बुधवारी, आणि निघाली एका औषधाच्या बाटलीतून. ती सांडली काकूंच्या कोटावर. हा कोट मुळात व्याख्यात्यांचा, मोजणीच्या कामावर घालायचा, जाड, हिरवा. अकरा वर्षांपूर्वी काकूंनी तो पहिल्या पावसाळी सकाळी अंगावर चढवला आणि मग उतरवलाच नाही. खिशात दाणे, सुतळी, कात्री, कधी एखादं विसरलेलं अंडं. औषधाचा वास असह्य झाला म्हणून त्यांनी तो धुऊन दोरीवर टाकला आणि नुसत्या गाऊनवर बदकांना तळ्याकडे न्यायला निघाल्या.

बदकं आली नाहीत. काकूंनी हाका मारल्या, दाणे दाखवले. सातही जण दोरीखाली ओळ धरून उभे. कोट वाऱ्याने डावीकडे हलला की ओळ डावीकडे सरके. उजवीकडे हलला की उजवीकडे. ऊन डोक्यावर येईपर्यंत बदकं कोटाच्या मागे मागे जागच्या जागी फिरत होती.

काकू आधी हसल्या. मग हसू ओसरलं. अकरा वर्षं आपल्याला वाटत होतं, ही आपल्या मागे येतात. इतकं सगळं करायचं त्यात तेवढंच एक सुख होतं, कुणीतरी आपल्यामागे चालतंय याचं. तर तो मान कोटाचा! त्यांना भलतंच लागलं ते. पण दोन मिनिटांनी डोक्यात लख्ख उजेड पडला. कोटामागे जातात ना? मग कोट कुणीही घालावा.

गुरुवारी व्याख्यात्यांच्या अंगावर कोट चढला. त्यांचाच जुना, तरी आता पोटावर बटण लागेना. "मला ओळखतील ती," ते कुरकुरले. "त्यांच्या मनात माझ्याविषयी कायमची अढी आहे."

"मान खाली घाला आणि चाला. बोलू नका म्हणजे झालं," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

बदकं मुकाट्याने निघाली. चार वर्षांचं वैर हिरव्या कोटाने एका मिनिटात मिटवलं. व्याख्याते पुढे, सात बदकं मागे, ओळ थेट खुराड्यात. कोंबड्याही दाण्यांच्या खिशाकडे बघत आत गेल्या. व्याख्यात्यांनी लढाई जिंकल्यासारखा हात वर केला. मग उत्साहाच्या भरात, काकू रोज करत तसं, वाफ्यातली माती थोडी उकरून दाखवायला लागले.

काकू माती उकरत तेव्हा एक दयाळ पक्षी नेमाने यायचा. काळापांढरा, शेपटी उभारलेला, भारी तोऱ्याचा. फावड्यापासून हातभर अंतरावर बसायचा आणि वर आलेले किडे टिपायचा. काकूंनी त्याला कधी दाणा घातला नव्हता की शीळ घातली नव्हती. तो त्याच्या कामाला यायचा, त्या त्यांच्या. आताही तो आला, व्याख्यात्यांसमोर उतरला. मान तिरकी करून त्याने कोटाकडे पाहिलं, मग वर तोंडाकडे पाहिलं आणि भुर्रकन उडाला तो थेट स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजावर येऊन बसला. काकूंच्या समोर. जणू आज बाहेर का नाही आलात, हे विचारायला आलाय.

पाळलेली सगळी फसली होती, आणि जो कुणाचाच नव्हता तो फसला नव्हता. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "जाऊन येते रे," त्या त्याला म्हणाल्या. "तीन दिवस फक्त." तो शेपटी उडवून निघून गेला.

शुक्रवारी दुपारी काकू गावात जाऊन दुसऱ्या दिवसाचं गाडीचं तिकीट घेऊन आल्या. फाटकाशी पोचल्या तेव्हा दिवे लागायची वेळ टळत आली होती. रानात सामसूम. त्या वाटेने आत गेल्या आणि थबकल्या.

जुन्या झाडाखाली व्याख्याते मांडी घालून बसले होते. अंगावर कोट. त्यांच्याभोवती सात बदकं, तीही बसलेली. सगळ्यांच्या माना वर. ढोलीतून घुबडाचं पिल्लू घसरून खालच्या फांदीवर आलं होतं, आणि त्याची आई चोचीत काहीतरी धरून फांदीफांदीने त्याच्याकडे उतरत होती. बदकांना त्यात काय कळत असेल देव जाणे, पण कोट बसला म्हणून तीही बसली होती. क्षणभर काकूसुद्धा दमणं विसरून बघत राहिल्या. इतकं सुंदर काही त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. खरं तर खालून वर बघायला त्यांना सवडच झाली नव्हती.

मग त्यांना कोंबड्या आठवल्या. "अहो, खुराडं?"

व्याख्यात्यांनी मान खाली आणली आणि त्यांचा चेहरा उतरला.

शेजारी येऊन गेला होता. खुराड्याच्या दारात पिसं पडली होती. एकोणीसपैकी दोन गेल्या. बाकीच्या भेदरून अंजिराच्या फांद्यांवर चढल्या होत्या. एकेकीला पाय धरून उतरवता उतरवता काकूंचा खांदा भरून आला. व्याख्याते शिडी धरून उभे होते. "अर्धा तासच बसलो गं," ते म्हणाले. "पिल्लू पडेल असं वाटलं."

शनिवारी सकाळी त्यांनी तिकीट परत केलं आणि ताईला फोन लावला. "ताई, जरा थांब गं. दोन कोंबड्या गेल्या. तांबडीही आजउद्या व्यायची."

"बरं," ताई म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं. "मी काय, बसलेलीच आहे. काल चहा म्हणून फुलदाणी गॅसवर ठेवली होती. डाग आता तळहाताएवढा झालाय. पण तू तुझं बघ."

रविवार उजाडला. सहा पाहुणे आले. व्याख्याते टोपी घालून फाटकाशी गेले. दोन दिवस ते धड जेवले नव्हते, पण पाहुणे दिसले की तोंड आपोआप चालू होतं त्याला तेही काय करणार. "ही बाग नाही, हे रान आहे. बाग माळी चालवतो. रान आपलं आपण..."

"खोटं आहे ते," काकू म्हणाल्या.

त्या नेहमीसारख्याच मागून चालल्या होत्या. पण या वेळी त्यांनी दोन्ही बादल्या वाटेच्या मध्ये ठेवल्या. पाणी हिंदकळून एका पाहुणीच्या बुटांवर गेलं.

"लिहून घेऊ नका ते," वहीवाल्या गृहस्थाला त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी या घराबाहेर झोपलेली नाही. साहेबांना जेवण वेळेवर लागतं, बदकांना कोट लागतो, मुंगूस आमचा शेजारी आहे. माझ्या बहिणीचे डोळे चाललेत. तिला माझं तोंड एकदा बघायचंय. मला जाता येत नाही, कारण हे रान आपलं आपण चालतं!"

बुटांवर पाणी पडलेल्या बाईंनी कॅमेरा खाली घेतला. व्याख्यात्यांनी टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिले. काकूंना स्वतःचीच लाज वाटली. चौतीस वर्षं कुणावर आवाज चढवला नव्हता. त्यांनी बादल्या उचलल्या. पाणी तर द्यायलाच हवं होतं.

संध्याकाळी कोंबड्या कोंडून झाल्यावर व्याख्याते ओट्याशी आले. "परवाचं तिकीट काढलंय. सकाळच्या गाडीचं."

"आणि कोंबड्या?"

"एखाददुसरी जाईलही. गेली तर गेली. तू जा."

"तांबडी?"

"डॉक्टरांना सांगितलंय. हाक मारली की येतो म्हणाले."

"तुम्ही कोंबड्या मोजायला लागलात की मध्येच वर बघता."

व्याख्यात्यांनी ओट्यावरचं भांडं सरळ केलं. मग म्हणाले, "तीन दिवस वर बघणार नाही."

इतर कुणी म्हटलं असतं तर हसू आलं असतं. काकूंना आलं नाही. या माणसाने आयुष्यात त्यांना दिलेला सगळ्यात मोठा शब्द होता तो, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी त्या गाडीत बसल्या. खिडकीबाहेर सबंध दिवस शेतं, कारखाने, पूल सरकत होते. काकूंना झोप येईल असं वाटलं होतं, पण मांडीवर काही नाही, हातात काही नाही, याने उलट जीव घाबरा झाला. दिवसभर त्यांनी मनात ताईशी काय काय बोलायचं त्याची उजळणी केली. आईचं बोलायचं होतं. तू माझ्यापायी लग्न केलं नाहीस का, हे एकदा विचारायचं होतं. माझ्यावर रागावलीस का, हे तर नक्कीच.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची घंटा वाजवली. दार उघडलं. ताई खूप वाळली होती. तिने समोर न बघता मान जराशी वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, कोंबडी दाण्याकडे बघते तसं.

"आलीस," ती म्हणाली. "ये. आधी खाऊन घे."

काकूंनी हातपाय धुतले. ताईने भाजी केली होती, थोडी करपलेली. खोलीत सगळं जागच्या जागी होतं. खिडकीशी पलंग, त्याला स्वच्छ चादर, शेजारी एक खुर्ची. खाऊन झाल्यावर काकू उठायला लागल्या. "भांडी मी घासते."

"राहू दे गं. बस जरा."

"जरा पाठ टेकते मग," काकू म्हणाल्या. "पाच मिनिटं. मग बोलू. मला खूप बोलायचंय तुझ्याशी."

चादर थंडगार होती. बाहेर कुठे तरी लोक जिना चढत-उतरत होते, आणि त्यांच्यापैकी कुणालाही काकूंकडून काही नको होतं. डोकं उशीवर टेकलं एवढंच त्यांना आठवत होतं.

पुढे काय काय झालं ते काकूंना तुटक तुटक आठवे. ऊन पडलेलं एकदा. कुणीतरी पाणी प्यायला दिलं. मोरीपर्यंत जाऊन आल्या. कधी तरी गरम सूप आणि पाव समोर आला, त्यांनी तो बसल्या बसल्या खाल्ला, "अगं, उठते आता," म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. फोन वाजल्यासारखा वाटला आणि हात आपोआप पुढे गेला. तो हात कुणीतरी हलकेच परत पांघरुणात घातला. अकरा वर्षांची झोप होती ती. किंवा पंचेचाळीस वर्षांची.

जाग आली तेव्हा सकाळ होती. डोकं स्वच्छ. उजव्या हाताची बोटं न दुखता मिटत होती. ताई खुर्चीत बसली होती.

"किती वाजले?" काकूंनी विचारलं.

"साडेसात."

"बुधवार ना आज?"

"शुक्रवार."

काकू ताडकन उठून बसल्या. शुक्रवार! परतीची गाडी साडेदहाची. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, उठवायचं नाहीस का? ताई! एवढी लांबून आले. तू एवढं बोलावलंस. आणि मी झोपून राहिले? म्हशीसारखी?" बोलता बोलता त्यांना हुंदका फुटला. "एक शब्द बोलले नाही मी तुझ्याशी. अकरा वर्षांनी आले आणि..."

"तुझ्या नवऱ्याचा फोन होता काल," ताई म्हणाली. "बकरी व्यायली. दोन पिल्लं आहेत, बरी आहेत. मी म्हटलं, ती झोपलीये. तो म्हणाला, झोपू दे, आणि ठेवलाच फोन. त्याला बोलायला वेळ नव्हता. असं मी जन्मात ऐकलं नव्हतं."

काकू रडता रडता हसल्या आणि पुन्हा रडायला लागल्या. त्यांनी उठून पिशवी पुढे ओढली, साडी घडी करायला घेतली, ती उलटी झाली, पुन्हा उघडली. "बोलणंच राहिलं गं. मी काय काय ठरवून आले होते."

"बोलतो की आपण फोनवर. कान शाबूत आहेत माझे," ताई म्हणाली. "तुला बोलायला नव्हतं बोलावलं. बघायला बोलावलं होतं."

काकूंचा साडीवरचा हात थांबला.

"धाकटे, जागं माणूस फार हलतं गं. आता मला सगळं एकदम दिसत नाही. कपाळ बघायला जावं तर हनुवटी नाहीशी होते. हनुवटीवर यावं तोवर माणूस उठून भांडी घासायला गेलेलं. तू तर दहा मिनिटं एका जागी बसली नसतीस." ताईने मान वळवून, कोपऱ्यातून, आवाजाच्या दिशेने बघितलं. "तू झोपलीस म्हणून मला बघता आलं. दोन दिवस बघितलं. जरा जरा करून. आधी कान, मग भुवया. डाव्या भुवईत एक केस पांढरा झालाय. गालावर तीळ नव्हता पूर्वी. झोपेत ओठ थोडे उघडे ठेवतेस, आई ठेवायची तसे. हे मला माहीतच नव्हतं. तू लहान असताना तुला झोपवून मी अभ्यासाला बसायचे ना, वळून बघायला कधी फुरसतच झाली नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी भोंगा वाजवला.

"झालं का सगळं बघून?" शेवटी काकूंनी विचारलं. आवाज चोरटा निघाला.

"डोळे राहिले," ताई म्हणाली. "ते मिटलेले होते."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ते खिडकीशी, जिथे उजेड थेट येत होता तिथे, ताईच्या गुडघ्यांना गुडघे लागतील असं मांडलं आणि त्यावर बसल्या. नाक पुसलं नाही. केस मागे सारले नाहीत. हात मांडीवर ठेवले आणि डोळे उघडे ठेवून ताईकडे बघत राहिल्या. गाडीला अजून तीन तास होते.